लाईनलॉस

रात्रीचे दोन. पारा अजून पस्तीसवर.
अंबाझरीच्या नियंत्रण कक्षात
पडद्यावरचा आकडा मी वहीत उतरवते:
एकोणपन्नास पूर्णांक ब्याण्णव.
सगळं शहर कूलर लावून झोपलंय.
त्याची झोप किती मेगावॅटची, मला पाठ आहे.

आसावरी चापले, नवी प्रशिक्षणार्थी,
सांबारवडीचा तेलकट डबा बाजूला सारून
कागदावर पृथ्वी काढते, लिंबाएवढी,
आणि पार कागदाच्या काठावर एक ठिपका.
"मॅडम, इथं पाट्या. छत्तीस हजार किलोमीटरवर.
इथं ढग नाही, धूळ नाही, रात्र जवळजवळ नाहीच.
ऊन गोळा करायचं, लहरी करून खाली सोडायचं."

बाई, उन्हाचं नाव नको काढू.
नवतपात आम्ही दाराला वाळ्याच्या ताट्या बांधतो,
खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा,
दुपारी बर्डीवर कुत्रं दिसत नाही,
आणि याच गावानं
रात्रीसाठी वरून आणखी ऊन मागवायचं?

सकाळी कोराडी.
लटारी भोयर, कोळसा विभाग, तेहतीस वर्षं.
आधी खोकला ओट्यावर येतो, मग बाबा.
तुळशीची पानं ओल्या फडक्यानं पुसत असतात,
एकेक, दोन्ही बाजूंनी.
मी कागद दाखवते.

"थ्या पाट्या पुसते कोन?"
धूळच नाही तिथं.
"राख?"
नाही.
फडकं थांबतं.
राख नसलेली रात्रीची वीज
त्यांनी पाहिली नाही. मीही नाही.

मग कामाचं विचारतात. "लाईनलॉस किती?"
शंभरातले दहा पोचले तरी पुष्कळ.
उन्हाची वीज, विजेच्या लहरी, लहरींची पुन्हा वीज,
प्रत्येक नाक्यावर दस्तुरी.
"मंग आपल्या लाईनमनले काऊन शिव्या देता बाप्पा?"
रॉकेटचं भाडं सांगितलं तर कानाला हात लावला.

"अन् खाली झेलाले जागा?"
चार-पाच किलोमीटर तारांची जाळी.
खाली ऊन पडेल, पाणी पडेल,
तूर घेता येईल म्हणतात.
"म्हनतेत," ते म्हणाले,
आणि राखेच्या तळ्याकडं पाहिलं.
तिथं मामाचं वावर होतं.
तेव्हाही कुणीतरी कागदावर ठिपकाच काढला होता.

"पाखरू भाजन का?"
नाही. दुपारच्या उन्हापेक्षा मवाळ असतं ते.
"कोनत्या दुपारच्या? मे की पूस?"
याचं उत्तर आसावरीच्या कागदावर नाही.

एक गोष्ट मी राखून ठेवली होती.
मार्चात आणि सप्टेंबरात,
दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास,
मध्यरात्री पृथ्वीच आडवी येते.
रोज थोडा वेळ, कधी तासाच्या वर,
वरही अंधार.

बाबा हसले. हसताना खोकले, खोकताना पुन्हा हसले.
"म्हंजे तिथीबी लोडशेडिंग!"
कुंपणापलीकडच्या उमाठेंना हाक मारून सांगितलं.
ती सगळी योजना
त्या क्षणापासून त्यांना आपल्या घरची वाटू लागली.
कागद माझ्याकडून घेतला,
चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवला.

ड्युटीवर जाताना स्कूटी झिरो माइलवरून जाते.
दगडावर कोरलंय चांदा किती, जबलपूर किती, हैदराबाद किती.
वर किती, ते नाही.
आज सिग्नलला थांबून पाहिलं:
एका बाजूला थोडी जागा आहे.

पुन्हा दोन वाजलेत.
"बाबा काय म्हणाले, मॅडम?"
विचारताहेत,
सावलीच्या त्या तासाला ड्युटीवर कोण.
आसावरी पेनचं टोपण काढते,
लिहीत मात्र नाही.
उत्तरेच्या खिडकीत कोराडीचे लाल दिवे,
दक्षिणेच्या खिडकीत, ठिपका असायला हवा तिथं,
गांधीलमाशीचं घर.
एकोणपन्नास पूर्णांक सत्त्याण्णव.
कुठंतरी कुणीतरी कूलर बंद केला असावा.